रेअर लेन्सच्या नादात या चुका टाळा

जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या लेन्स जोडरिंग, म्हणजे अ‍ॅडॉप्टर, लावून आजच्या कॅमेऱ्यावर वापरताना सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते एम३९, म्हणजे ३९ मिमी आट्यांचा माउंट, या एका शब्दापायी. लोक जाहिरातीत एम३९ वाचतात, एम३९ चा अ‍ॅडॉप्टर मागवतात आणि मग विचारतात की फोटो ब्लर का येतोय. अहो, ३९ मिमी आट्यांची दोन वेगळी घराणी आहेत. एक लायकाच्या रेंजफाइंडरचं (आत आरसा नसलेला कॅमेरा), जे फेड आणि झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांनीही घेतलं, त्यात लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंत २८.८ मिमी अंतर. दुसरं जुन्या झेनिट एसएलआरचं, म्हणजे आरशावाल्या सोव्हिएत कॅमेऱ्याचं, तिथे मधे आरसा मावायला हवा म्हणून ४५.२ मिमी. आटे दोन्हीकडे छान बसतात आणि तिथेच माणूस फसतो.

माझ्या एका मित्राने चपटी इंडस्टार-५० लेन्स घेतली, झेनिटवाली. सोनी मिररलेसवर (बिनआरशाचा डिजिटल कॅमेरा) लायका आट्यांच्या अ‍ॅडॉप्टरने लावली, काहीच शार्प येईना. विचारायचं सोडून त्याने व्हिडिओ बघून लेन्स उघडली, स्पॅनर नव्हता म्हणून पकडीने, पुढच्या रिंगच्या खाचा पार सोलून निघाल्या. माझ्याकडे आणली तेव्हा मी ती अ‍ॅडॉप्टरमधून काढून हातानेच दीडेक सेंटिमीटर पुढे धरली, तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी स्क्रीनवर लख्ख दिसली. लेन्स ठणठणीत होती हो! एम३९ ते एम४२ (४२ मिमी आटे) ची पातळ रिंग आणि त्यावर एम४२ चा अ‍ॅडॉप्टर, एवढंच हवं होतं. फार वाईट वाटलं मला त्या खाचा बघून.

मी विकत घेण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागतोच. फोकस फिरवल्यावर आट्यांच्या आतली रिंग मागेपुढे सरकत असेल तर ती रेंजफाइंडरची. असली लेन्स, समजा ज्युपिटर-८, डीएसएलआरवर लावली तर वीतभर अंतरावरचंच काय ते दिसेल. आणि ज्युपिटर-१२ तर डीएसएलआरच्या आसपासही नेऊ नका, तिची मागची काच इतकी आत जाते की आरशावर आपटेल.

आता 'रेअर'. हेलिओस ४४-२ ला रेअर म्हणणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही. ही झेनिटसोबत मिळणारी साधी किट लेन्स, जर्मनीतल्या येनाच्या झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवरून बेतलेली, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला बनायची, मिन्स्क आणि वाल्दाईलाही बनली. एकट्या झेनिट-ई चेच ३० लाखांच्या वर कॅमेरे निघाले, मग लेन्स दुर्मिळ कशी? सुरुवातीची चंदेरी एम३९ वाली हेलिओस-४४ खरंच कमी दिसते, तिला दोन पैसे जास्त द्या. कारखाना लोगोवरून कळतो, आणि सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे सहसा साल सांगतात, ७४ ने सुरू म्हणजे १९७४. हे बघायला पाच मिनिटं लागतात, पण नवीन मुलांना तेवढाही दम धरवत नाही, लगेच पैसे पाठवून मोकळे.

झाइस सोनार किंवा लाइट्झ एल्मार असं जर्मन लेन्सचं नाव कोरलेलं काही स्वस्तात मिळतंय? खूपदा आत सोव्हिएत ज्युपिटर-३ किंवा इंडस्टार निघते, फक्त नावाची रिंग बदललेली.

निकॉन डीएसएलआरवर एम४२ लेन्स साध्या अ‍ॅडॉप्टरने लांबचं फोकस होत नाही, त्यासाठी आत काच बसवलेला मिळतो तो घेऊ नका, चित्र खराब होतं, त्यापेक्षा जुना मिररलेस घ्या.

मोबाइलच्या टॉर्चने बुरशी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यातून गेलेल्या लेन्समध्ये ती असतेच असं धरून चाला, आणि घरी डब्यात सिलिका जेल ठेवा.

पेंटॅक्सची सात काचांची सुपर ताकुमार ५०/१.४ लेन्स पिवळी पडलेली दिसली तर घाबरू नका, तिच्यात थोरियम या किरणोत्सारी धातूची काच आहे, तीच पिवळी पडते. खिडकीत काही दिवस ऊन दाखवा, पिवळेपणा उतरतो, फक्त खाली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घाला आणि जवळ पडदा, कागद काही ठेवू नका, भिंगच आहे ते, पेट घेईल.