काटा थांबला तेव्हा: नेटस्टॅट शिकू पाहणाऱ्यांसाठी

डिसेंबर महिना होता, कापसाचा हंगाम ऐन भरात. मारेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या केबिनमध्ये मी ऑपरेटर म्हणून लागलो त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते. आयटीआयचा कोपा ट्रेड, म्हणजे संगणक ऑपरेटरचा अभ्यासक्रम, एक वर्षाचा, तो पूर्ण केलेला. टायपिंग चांगलं, एक्सेल येत होतं, आणि नेटवर्क म्हणजे वायर लावली की चालतं एवढीच समज.

त्या दिवशी दुपारी लाइट गेली, दहा मिनिटांनी आली, आणि काट्याच्या संगणकावर एकच संदेश दिसू लागला: सर्व्हरशी संपर्क होत नाही. काट्यावर भरलेली गाडी चढली की वजन दिसत होतं, पण नोंद होत नव्हती. नोंद नाही म्हणजे पट्टी नाही, आणि पट्टी नाही म्हणजे गाडी खाली होत नाही. मी संगणक बंद करून चालू केला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला. बाहेर गाड्यांची रांग फाटकाच्या पार गेली. खिडकीशी एक म्हातारे काका येऊन उभे राहिले. म्हणाले, "काहून बाबू, थांबून काहून रायलं सारं? आभाळ भरून आलं. कापूस ओला झाला तं भाव कोन देईन आमाले?"

तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. आत बसलेल्या माणसाला काय बिघडलं हे कळत नाही म्हणून बाहेरचा माणूस आभाळाकडे बघत उभा राहतो. हे लिहायला बसलो ते त्यासाठीच: आपला संगणक नेटवर्कवर कुणाकुणाशी जोडलेला आहे हे दाखवणारी नेटस्टॅट नावाची कमांड शिकवायला. आता मी मारेगाव, वणी, झरी भागातल्या जिनिंग आणि कृषी केंद्रांच्या संगणकांची देखभाल करतो. माझ्यासारखी नुकतीच कामाला लागलेली मुलं फोन करतात, तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य "बंद-चालू करून पाहिलं, भाऊ" हेच असतं.

त्या दिवशी मी वणीहून देखभालीला येणाऱ्या दादांना फोन लावला. ते म्हणाले, "पहिले बंद-चालू करनं थांबव. काळी खिडकी उघड आन् काय दिसते ते मले वाचून दाखव."

काळी खिडकी म्हणजे कमांड प्रॉम्प्ट. विंडोज आणि आर ही दोन बटणं एकदम दाबायची, सीएमडी टाइप करायचं, एंटर. तिथे त्यांनी मला नेटस्टॅट -एएनओ टाइप करायला लावलं. प्रत्यक्षात हे सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायचं: नेटस्टॅट, एक जागा सोडून आडवी रेघ, आणि रेघेला चिकटून ए, एन, ओ. ए म्हणजे सगळ्या जोडण्या, वाट बघत बसलेल्यासुद्धा. एन म्हणजे नावं शोधत बसू नको, सरळ आकडे दाखव. हे न लिहिल्यास संगणक प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला जातो आणि नेट बंद असताना यादी मुंगीच्या चालीने पुढे सरकते. ओ म्हणजे प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या प्रोग्रामचा क्रमांक, म्हणजे पीआयडी.

एंटर मारताच ओळींचा पाऊस पडला. पहिल्यांदा बघणारा इथे घाबरतो. पण प्रत्येक ओळीत पाचच गोष्टी असतात: टीसीपी की यूडीपी (माहिती पाठवायच्या दोन पद्धती), आपला पत्ता, समोरचा पत्ता, अवस्था, आणि पीआयडी. यूडीपीच्या ओळीत अवस्थेची जागा रिकामी असते, कारण यूडीपीत जोडणी धरून ठेवण्याचा प्रकारच नाही.

पत्ता दोन तुकड्यांचा असतो, आयपी आणि पोर्ट, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं. आमच्याकडच्या माणसाला हे बाजार समितीवरून लगेच समजतं. आयपी म्हणजे समितीचं आवार, पोर्ट म्हणजे आवारातला गाळा नंबर. आवार सापडलं तरी गाळा चुकला तर सौदा होत नाही. गाळे ० ते ६५५३५. वेबसाइटचा सुरक्षित व्यवहार ४४३ वर, साधा ८० वर, नावांवरून पत्ते शोधण्याचं काम ५३ वर, आणि आमच्या जिनिंगचा डेटाबेस मायएसक्यूएल होता, त्याचा नेहमीचा गाळा ३३०६.

आता अवस्था. खरं काम इथेच असतं, म्हणून इथे घाई करू नका.

लिसनिंग म्हणजे अडत्या गाळा उघडून बसला आहे, गिऱ्हाईक अजून यायचं आहे. एस्टॅब्लिश्ड म्हणजे सौदा चालू आहे, दोन्ही बाजू बोलत आहेत. सिन-सेंट म्हणजे आपण हाक मारली आणि समोरून अजून 'ओ' आलेली नाही. टाइम-वेट म्हणजे सौदा आटोपला, पण वाटेत राहिलेलं काही उशिरा येऊन पोचलं तर घोळ नको म्हणून वही थोडा वेळ उघडी ठेवली आहे. याच्या पाच-पंचवीस ओळी दिसल्या तरी काळजी नाही, त्या आपोआप जातात. क्लोज-वेट मात्र वेगळी. समोरचा उठून गेला, पण आपल्याकडच्या प्रोग्रामने वही मिटलीच नाही. एखाद-दुसरी चालते. तासातासाने वाढत जात असेल तर दोष वायरचा नाही, प्रोग्रामचा आहे, आणि तो प्रोग्राम बनवणाऱ्यालाच सांगावा लागतो.

मी फोनवर ओळी वाचत गेलो. दादा म्हणाले, "नोंद करायचं बटन दाब आन् लगेच पुन्हा चालव." तसं केलं, आणि एक ओळ नवी दिसली: समोरचा पत्ता १९२.१६८.१.१०, पोर्ट ३३०६, अवस्था सिन-सेंट. थोड्या वेळाने पुन्हा चालवलं तर ती ओळ नाहीशी. सिन-सेंट काही सेकंदच जगते, त्यामुळे प्रोग्राम प्रयत्न करत असतानाच बघावं लागतं. आज मी मुलांना नेटस्टॅट -एएनओ लिहून पुढे एक जागा सोडून ५ लिहायला सांगतो. दर पाच सेकंदांनी यादी पुन्हा येते, आणि थांबवायचं तर कंट्रोल आणि सी.

त्या एका ओळीने अर्धं काम केलं. काट्याचा संगणक हाक मारत होता, म्हणजे तो बरा होता. ज्याला हाक मारत होता तो 'ओ' देत नव्हता. मी तीन वेळा जो बंद-चालू केला तो बिचारा निर्दोष होता.

मग मी धावत कार्यालयात गेलो. मुनीमजींच्या टेबलाखालचा संगणक हाच आमचा सर्व्हर. त्याच्यावर तीच कमांड चालवली. तिथे ०.०.०.० पुढे ३३०६, लिसनिंग. ०.०.०.० म्हणजे या संगणकाच्या सगळ्या बाजूंनी येणाऱ्यांसाठी गाळा उघडा. इथे १२७.०.०.१ असतं तर शटर फक्त आतल्या बाजूने उघडलेलं, बाहेरच्या कुणालाही प्रवेश नाही, असा अर्थ झाला असता. हा फरक पाठ करून ठेवा. नव्याने डेटाबेस बसवल्यावर 'माझ्याकडे चालतं, दुसऱ्या संगणकावरून चालत नाही' या तक्रारीचं कारण पुष्कळदा या एका आकड्यात असतं. दुसरं नेहमीचं कारण फायरवॉल, आणि ती नेटस्टॅटमध्ये दिसत नाही: गाळा उघडा दिसतो, पण फाटकावरचा चौकीदार आत सोडत नाही.

अडत्या बसलेला, गाळा उघडा, तरी हाक पोचत नाही. दादा म्हणाले, "आता आयपीकॉन्फिग मार." मारलं. सर्व्हरचा पत्ता निघाला १९२.१६८.१.१४.

काटा १० ला हाका मारत होता आणि सर्व्हर १४ वर जाऊन बसला होता. लाइट गेली तेव्हा राउटरही बंद पडला होता. चालू झाल्यावर कुणाला कोणता पत्ता दिला होता हे तो विसरला आणि नव्याने वाटप करू लागला. संगणक उठायला वेळ लागतो, मोबाइल तर चालूच असतो. कार्यालयात बसलेल्या एका व्यापाऱ्याचा मोबाइल वाय-फायला आधी जोडला गेला आणि १० क्रमांक त्याला मिळाला. ते गृहस्थ मोबाइल घेऊन निघूनही गेले होते, पण राउटरच्या वहीत १० त्यांच्याच नावावर राहिला. मी सर्व्हरला १० च्या ऐवजी २०० हा पत्ता हाताने पक्का करून दिला, राउटरच्या वाटपाच्या बाहेरचा, आणि काट्याच्या प्रोग्राममध्ये तोच भरला. पुन्हा नेटस्टॅट: १९२.१६८.१.२००, ३३०६, एस्टॅब्लिश्ड. काकांची गाडी काट्यावर आली तेव्हा आभाळ तसंच होतं, पण पाऊस पडला नव्हता.

दादांनी त्या संध्याकाळी एक गोष्ट सांगितली, ती मी आजही पहिल्या दिवशीच सांगतो. "बैल आजारी हाय हे घरच्याले काहून समजते? कारन तो बरा असताना रोज पाह्यला असते." संगणक नीट चालत असताना नेटस्टॅट बघून ठेवायचं. बिघडल्यावर पहिल्यांदा उघडलं तर सगळ्याच ओळी संशयास्पद वाटतात.

याचं उदाहरण माझ्याच घरी घडलं. घरच्या संगणकाला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून नेट होतं आणि दिवसाचा १.५ जीबी डेटा दुपारपर्यंत संपायचा. मी नेटस्टॅट उघडलं, अनोळखी परदेशी पत्त्यांच्या ४४३ वरच्या दहा-बारा एस्टॅब्लिश्ड ओळी बघितल्या, आणि कुणीतरी आपल्या संगणकात शिरलं असं धरून रात्रभर झोपलो नाही. सकाळी शांतपणे एकेक पीआयडी घेऊन टास्कलिस्टमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामची यादी देणाऱ्या कमांडमध्ये, तो कोणाचा हे पाहिलं. ब्राउझर, विंडोजची सेवा, आणि फोटो आपोआप वर चढवणारा एक प्रोग्राम. शेवटचा बंद केल्यावर डेटा दिवसभर पुरू लागला. अनोळखी पत्ता म्हणजे चोर नव्हे. आजच्या बहुतेक वेबसाइट अशाच आकड्यांमागे असतात. आधी पीआयडी, मग प्रोग्रामचं नाव, मग तो कोणत्या फोल्डरमधून चालतो ते, आणि त्यानंतरच संशय. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडला तर -बी लावून प्रोग्रामचं नाव थेट दिसतं.

इथे एक मर्यादाही समजून घ्या. नेटस्टॅट कोण कुणाशी जोडलेला आहे ते दाखवतं, कोणी किती डेटा खाल्ला ते प्रोग्रामवार दाखवत नाही. -ई लावल्यास पूर्ण संगणकाने किती बाइट घेतले आणि पाठवले ते येतं. दहा मिनिटांनी पुन्हा चालवून वजाबाकी करायची, भरल्या आणि रिकाम्या गाडीच्या वजनासारखी. प्रोग्रामवार हिशेब हवा असेल तर रिसोर्स मॉनिटर उघडा.

आणि काट्यावर काम करणाऱ्यांसाठी खास: वजन दाखवणाऱ्या यंत्रातून संगणकात येणारी सीरियल वायर ज्यात लागते त्यालाही आपण पोर्ट म्हणतो, कॉम-१, कॉम-३ असा. त्या पोर्टचा नेटस्टॅटशी काही संबंध नाही. पडद्यावर वजनच येत नसेल तर नेटस्टॅटमध्ये शोधू नका, वायर आणि कॉम क्रमांक बघा. वजन येतं पण नोंद होत नाही, तेव्हा नेटस्टॅट. मला हा फरक कळायला एक पूर्ण हंगाम गेला.

कोपाची मुलं प्रॅक्टिकलला एक्सॅम्प (आपल्याच संगणकावर वेबसाइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) बसवतात आणि ८० चा गाळा आधीच कुणी घेतलेला असल्यामुळे त्यातला अपाचे हा वेबसर्व्हर सुरू होत नाही, तो प्रसंग सरावाला उत्तम आहे. नेटस्टॅट -एएनओ च्या पुढे उभी रेघ, मग फाइंडस्ट्र, मग दोन टिंबांसकट ८०. एवढं लिहिलं की ८० असलेल्या ओळीच येतात. ८०८० सुद्धा त्यात येतो, म्हणून डोळे उघडे ठेवून वाचा. पीआयडी ४ दिसला तर तो विंडोजचा स्वतःचा आहे, त्याला मारायला जाऊ नका, तो मरतही नाही. त्या गाळ्यावर बसलेली सेवा बंद करा किंवा अपाचेला दुसरा गाळा द्या.

नेटस्टॅट हे नाव १९८३ सालच्या बर्कली युनिक्समधून, ४.२ बीएसडीमधून चालत आलं आहे, म्हणून ते विंडोजवरही आहे, लिनक्सवरही आणि मॅकवरही. मात्र पुढे चिकटणारी अक्षरं सगळीकडे सारखी नसतात. लिनक्सवर -ओ ने पीआयडी येत नाही, त्यासाठी -पी लागतो. आणि नव्या लिनक्सवर नेटस्टॅट बऱ्याचदा बसवलेलंच नसतं, तिथे एसएस ही कमांड शिका. अवस्थांची नावं जवळजवळ तीच राहतात, त्यामुळे इथे घेतलेली मेहनत वाया जात नाही.

आजच करायचं काम सांगतो. तुमचा संगणक नीट चालत असताना नेटस्टॅट -एएनओ लिहून पुढे 'पेक्षा मोठे'ची खूण आणि फाइलचं नाव लिहा, नावात तारीख घाला. यादी पडद्यावर न येता त्या फाइलमध्ये जाईल. मग ती नोटपॅडमध्ये उघडून लिसनिंगच्या ओळी वाचा. विंडोज १० असेल तर १३५ आणि ४४५ दिसतील, ४९६६४ पासून पुढचे चार-पाच क्रमांक दिसतील. हे विंडोजचे स्वतःचे, त्यांच्यापुढे पेन्सिलने टिक करा. उरलेल्या प्रत्येक ओळीचा पीआयडी टास्कलिस्टमध्ये शोधून समोर नाव लिहा. मला पहिल्यांदा हे करायला दोन तास लागले होते आणि तीन ओळी तरीही कळल्या नव्हत्या. त्या तीन ओळी घेऊन मी वणीला दादांकडे गेलो होतो.