नवतपात दुचाकीवर निघण्याआधी

नवतप म्हणजे मे अखेरीस सुरू होणारे नऊ कडक उन्हाचे दिवस. नागपुरात 26 मेच्या आसपास दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायथ्याशीच विरते. त्वचा जाळणारे अतिनील किरण तेव्हाच सर्वांत तीव्र असतात, पारा मात्र तीनच्या सुमारास चढतो. म्हणून ‘ऊन तापायच्या आत, बाराला निघू’ हा हिशेब घातक आहे. कामं सकाळी दहाच्या आत नाहीतर चारनंतर लावा. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसली, की पुढचं सगळं अंगावर हवंच.

आदल्या रात्री दुपट्टा बल्बसमोर धरून बघा. उजेड आरपार आला तर किरणही येतील. धुऊन विरलेल्या पांढऱ्या दुपट्ट्यापेक्षा दाट विणीचा गडद सुती बरा. भिजवला तर गार वाटतो, पण ओल्या सुती कापडातून किरण जास्त आत शिरतात, म्हणून दुहेरी घडी घ्या. बांधताना कान आणि मानेची मागची बाजू झाका. टोपीवाल्यांची तीच भाजते. हँडलवर तळहाताची पाठ सतत उन्हात असते, तेव्हा सुती हातमोजे घ्या. चपलेऐवजी बूट घाला.

सनस्क्रीन एसपीएफ (त्वचा भाजण्यापासूनचं संरक्षण) 30 किंवा जास्त, पीए+++ (खोल शिरणाऱ्या अतिनील किरणांपासूनचं संरक्षण) असलेलं घ्या आणि मुदत तपासा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं लागतं. बहुतेक जण निम्मंच लावतात आणि मग ‘उपयोग होत नाही’ म्हणतात. निघण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा. ट्यूब डिकीत ठेवू नका, उष्णतेनं बिघडते. गॉगलवर यूव्ही 400 (म्हणजे अतिनील किरण अडवणारा) लिहिलेलं हवं. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण आणखी आत जातात. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविक (अँटिबायोटिक) गोळी चालू असेल तर कातडी लवकर भाजते, डॉक्टरांना विचारा.

सनस्क्रीननं ऊन लागायचं थांबत नाही, खिशातल्या कांद्यानंही नाही. दोन लिटर पाणी ठेवा. ओआरएसच्या मोठ्या पुडीला पूर्ण एक लिटर पाणी लागतं, ग्लासभर पाण्यात ती कालवू नका.

कुणी असंबद्ध बोलू लागलं, तोल गेला, तर 108 ला फोन करा. सावलीत आणून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.