बाप्तिस्मा आणि पश्चात्ताप यावर बोलायला उभं राहण्याआधी या चुका टाळा

आमच्या अभ्यासगटात अधूनमधून कोणीतरी उत्साही मेंबर 'आद्य ख्रिस्ती मंडळीतला बाप्तिस्मा आणि पश्चात्ताप' हा विषय घेतो आणि दरवेळी त्याच त्या चुका, इतक्या की पहिली स्लाईड बघूनच पुढच्या चार कशा असणार ते कळतं. तयारी म्हणजे काय, आदल्या रात्री दोन व्हिडिओ बघायचे, चार वचनं उचलायची आणि सकाळी उभं राहायचं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आद्य मंडळी' हा एकच काळ आणि एकच गाव समजणं. मागे एका मुलाने ठासून सांगितलं की प्रेषितांची कृत्ये 2:38 मध्ये पेत्र म्हणतो पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा घ्या, त्याच दिवशी सुमारे 3000 माणसं मंडळीत आली, विषय संपला, शिकवणी उपवास वगैरे सगळं नंतरचं थोतांड. मागच्या रांगेतल्या एका काकूंनी विचारलं, "मग बाळा, ती बाप्तिस्म्याआधीची तीन वर्षांची तयारी कुठून आली?" तर म्हणे रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने घुसवली. झालं, तिथून जे पेटलं ते पेटलंच, चहा गार झाला, दोघंजण न सांगता उठून गेले आणि ग्रुपवर कितीतरी दिवस एकमेकांना उद्देशून फॉरवर्ड पडत होते.

कॉन्स्टंटाइन सम्राट झाला 306 मध्ये. त्याच्या शंभरेक वर्षं आधी, साधारण 200 च्या सुमारास, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन बाप्तिस्म्यावरच्या पुस्तकात लिहून ठेवतो की बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी प्रार्थना, उपवास, गुडघे टेकणं, रात्रीची जागरणं करावीत आणि आधीची पापं कबूल करावीत. म्हणजे तयारी तेव्हाच होती. काही सापडलं नाही की सगळं कॉन्स्टंटाइनच्या माथी मारायची ही सवय मला अजिबात आवडत नाही.

आणि पेत्र बोलला त्या यरुशलेमेत त्याच दिवशी बाप्तिस्मा का जमला हे कोणी विचारत नाही. पेत्रासमोर होते ते यहुदी, सणासाठी आलेले, नियमशास्त्र आणि संदेष्टे ऐकत वाढलेले. वाटेतच फिलिप्पाकडून बाप्तिस्मा घेतलेला कूशी (इथिओपियाकडचा) अधिकारी तर रथात बसून यशयाच वाचत होता. उलट नंतर रोमसारख्या शहरात देवळं, आखाडे, नाटकं यांतून थेट उठून येणारा माणूस, त्याला काय माहीत असणार? ती तीन वर्षं सांगणारी 'प्रेषितीय परंपरा', म्हणजे मंडळीच्या नियमांचा जुना ग्रंथ, उघडून बघा, कोणी काय सोडायचं याची यादीच आहे. ग्लॅडिएटर असशील तर सोड, वेश्यागृह चालवत असशील तर सोड, मूर्ती घडवत असशील तर सोड. पोरांना शिकवणाऱ्या मास्तरला मात्र म्हटलंय की सोडलंस तर बरं, पण दुसरं पोटापाण्याचं साधन नसेल तर चालू दे. हे वाक्य वाचलं की त्या लोकांना घरभाडं कळत होतं असं वाटतं. शिवाय तिथेच पुढे लिहिलंय की माणूस मनापासून झटत असेल तर काळ मोजू नका, वागणूक बघा. तीन वर्षं तीन वर्षं करणाऱ्यांनी हेही वाचावं.

माझी सवय सांगतो, प्रत्येक उताऱ्याच्या बाजूला पेन्सिलने सन आणि शहर लिहितो. दोन उताऱ्यांमध्ये दीडशे वर्षांचं अंतर दिसलं की मध्ये 'आणि' टाकत नाही, नवं वाक्य सुरू करतो. एवढ्यानेच अर्धी भांडणं मिटतात.

योहानाचा बाप्तिस्मा आणि ख्रिस्ती बाप्तिस्मा एकच धरू नका. कृत्ये 19 वाचा, इफिसात योहानाचाच बाप्तिस्मा घेतलेले बाराएक जण पौलाला भेटतात आणि त्यांना येशूच्या नावाने पुन्हा घ्यावा लागतो.

बुडवायचं की ओतायचं यावर अख्खी संध्याकाळ घालवू नका. डिडाखे हे मंडळीचं जुनं नियमपुस्तक सांगतं वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, थंड नसेल तर गरम, आणि दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. सीरियातल्या दुरा-युरोपसचं बाप्तिस्म्याचा हौद असलेलं मंडळीचं घर 256 च्या आधीचं आहे, तो हौद जेमतेम मीटरभर खोल.

आता माझी दुसरी लाडकी चूक. पश्चात्ताप म्हणजे मनातल्या मनात सॉरी म्हणणं, आणि ते हवं तितक्या वेळा करता येतं, असं धरून चालणं. रोममधला हर्मास दुसऱ्या शतकात लिहितो की बाप्तिस्म्यानंतर गंभीर पाप झालं तर पश्चात्तापाची संधी एकदाच. टर्टुलियन ती कशी घ्यायची तेही सांगतो, गोणपाट नेसायचं, राखेत बसायचं, साधं अन्न खायचं, मंडळीच्या वडीलजनांच्या पाया पडायचं आणि सगळ्या भावांना आपल्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनवायचं. सगळं चारचौघांत.

हे डोक्यात ठेवून मग 250 कडे या. सम्राट डेशियसने हुकूम काढला की सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करायचा आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तमध्ये असे चाळीसेक दाखले पपायरसवर सापडलेत. एक आहे ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या माणसाचा, वय 72, उजव्या भुवईवर व्रण, आणि खाली अर्ज की मी आजवर देवांना बळी देत आलोय, आताही तुमच्यासमोर अर्पण केलं, प्रसाद चाखला, तरी सही करावी. पार सरकारी कागद. (हुकूम सगळ्यांसाठी होता, त्यामुळे दाखला आहे म्हणजे माणूस ख्रिस्तीच होता असं नाही, हीसुद्धा एक नेहमीची चूक.)

छळ ओसरल्यावर कार्थेजमध्ये ज्यांनी बळी दिला किंवा पैसे चारून नुसता कागद मिळवला ते परत मंडळीच्या दारात. आणि शॉर्टकट तेव्हाही होते. विश्वासासाठी तुरुंगात बसलेल्यांकडून शिफारसपत्रं आणायची, त्यात लिहिलेलं 'अमक्याला त्याच्या माणसांसह घ्या'. बिशप सिप्रियन वैतागला, त्याची माणसं म्हणजे नक्की कोण, एका कागदावर वीस-तीस जण आत घुसतील. 251 च्या सभेत ठरलं की नुसता कागद घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून घ्यायचं, प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ पश्चात्ताप करायचा. रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या पाळकाला एवढी सवलतही मंजूर नव्हती, तो वेगळाच झाला. हे सगळं गाळून 'देव दयाळू आहे, सगळं माफ' म्हणणारे घाईवाले मला भेटतात तेव्हा मी त्यांना सिप्रियनची पत्रं आधी वाचायला लावतो, मग बोलू देतो. नायकेयाच्या बिशपांच्या परिषदेतला अकरावा नियमही दाखवतो, जबरदस्ती नसताना विश्वासापासून ढळलेल्यांना तीन वर्षं फक्त ऐकायचं, सात वर्षं लोटांगण, दोन वर्षं प्रार्थनेत पण प्रभुभोजन नाही. बेरीज करा.

यातूनच कॉन्स्टंटाइनने 337 मध्ये मरणाच्या टेकीला बाप्तिस्मा का घेतला तेही उलगडतं. नुसतं 'ढोंगी होता' म्हणून मोकळं होऊ नका. एकदाच धुवून मिळणार असेल तर माणूस हिशेब करतोच, पुढे बिशप झालेला ऑगस्टिन लहानपणी आजारी पडला तेव्हा बाप्तिस्मा ठरला होता, तो बरा झाला आणि पुढे ढकलला, शेवटी 387 ला मिलानमध्ये झाला.

बाळांच्या बाप्तिस्म्याबद्दल 'सगळे देत होते' आणि 'कोणीच देत नव्हतं' ही दोन्ही वाक्यं खोडून टाका. टर्टुलियन म्हणतो थांबा, कशाला घाई. त्याच कार्थेजमध्ये पन्नासेक वर्षांनी सिप्रियन आणि 66 बिशप म्हणतात आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबायचं नाही.

आणि 'प्रेषितीय परंपरा' हिप्पोलितसने रोममध्ये अमुक साली लिहिली असं छातीठोक लिहू नका, अभ्यासकांत त्यावर वाद आहे. 'हिप्पोलितसच्या नावावर असलेला ग्रंथ' एवढं लिहा, पुढे चला.