हॉस्पिटलचं बिल आलं? कार्ड काढायच्या आधी हे बघा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय, कारण दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा येतात, एखाद्या रात्री ईआर (इमर्जन्सी रूम) गाठावी लागते आणि महिन्या-दोन महिन्यांनी बिल उघडलं की पोटात गोळा येतो. तिथे काउंटरवर टॅबलेट पुढे करतात ना, त्यात 'गॅरंटर' म्हणून सही करण्याआधी वाचा, बाबांचं बिल तुमच्या नावावर येतं ते तिथूनच.

बिल आलं की लगेच क्रेडिट कार्डाने भरून मोकळं व्हायचं नाही. मी तेच केलं होतं, बायको नको नको म्हणत असताना. मेडिकल बिल म्हणून क्रेडिट रिपोर्टवर जी सवलत मिळते ती कार्डावर टाकलं की गेली, मग ते नुसतं कार्डाचं कर्ज, वर व्याज. कार्डावर न टाकता तसंच ठेवलं तर इक्विफॅक्स, एक्सपेरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरो कलेक्शनला (म्हणजे वसुली कंपनीकडे) गेलेलं मेडिकल बिल वर्षभर रिपोर्टवर घेत नाहीत, मूळ रक्कम ५०० डॉलरच्या खाली असेल तर घेतच नाहीत आणि भरलेलं काढून टाकतात. पण हे त्यांनी २०२२-२३ मधे आपणहून ठरवलंय, कायद्याने नाही हां. सगळंच मेडिकल कर्ज रिपोर्टवरून काढायचा सीएफपीबीचा (ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठीची फेडरल संस्था) नियम जानेवारी २०२५ मधे आला होता तो जुलैत टेक्सासच्या फेडरल कोर्टाने रद्द केला, तरी 'आता काळजी नको' वाले फॉरवर्ड अजून फिरतायत. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा राज्यांचे मेडिकल कर्ज रिपोर्टवर येऊ न देणारे स्वतःचे कायदे आहेत, पण फेडरल कायद्यापुढे ते चालत नाहीत असं सीएफपीबीने ऑक्टोबर २०२५ मधे म्हटलंय, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका.

मग हातात मिळालेल्या वेळात आयटमाइज्ड बिल मागवा, नुसती टोटल नको, आणि ते इन्शुरन्सच्या ईओबीशेजारी (इन्शुरन्सने काय भरलं, तुमच्यावर काय राहिलं ते सांगणारा कागद) ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा. मी पैसे भरल्यावर बघितलं, एकच ब्लड टेस्ट दोनदा लावली होती, रिफंडला पाच महिने आणि अगणित फोन. हॉस्पिटल नॉनप्रॉफिट असेल तर फायनान्शियल असिस्टन्सचा, म्हणजे बिल कमी किंवा माफ करून घ्यायचा, फॉर्म मागा, डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवस तो घ्यावाच लागतो त्यांना. आपला पगार बरा आहे, आपल्याला कशाला देतील, असं म्हणून सोडू नका, मर्यादा हॉस्पिटलगणिक वेगळी असते, विचारायला काय जातंय!

कलेक्शनवाल्यांचा फोन आला तर फोनवर काही कबूल करायचं नाही, कागद पाठवा म्हणायचं. त्यांची नोटीस हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी हरकत घेतली की पुरावा देईपर्यंत त्यांना वसुली थांबवावी लागते. अधूनमधून तिन्ही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट काढून बघत जा, दर आठवड्याला फुकट मिळतात. चुकीची नोंद दिसली तर ज्या ज्या ब्युरोकडे ती आहे तिथे वेगवेगळी डिस्प्यूट टाका, साधारण ३० दिवसांत तपासावीच लागते. पत्र सर्टिफाइड मेलने, रिटर्न रिसीटसकट. आणि ती हिरवी पावती फ्रिजवर मॅग्नेटखाली नको, फाइलला लावा, आमची तिथूनच हरवली.