नागपूरची थंडी आणि बागेतली झाडं : या चुका टाळा

२९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशी रात्र विरळाच. एरवी डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ आणि दुपारी २५-२८ अंश असतात. त्यामुळे थंडीनं झाड गेलं असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते पाण्यानं गेलेलं असतं.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि थंडीत ती लवकर वाळत नाही. वरून भेगा दिसल्या म्हणून पाइप सोडू नका. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी. पाणी सकाळीच द्या, म्हणजे रात्री पानं आणि कुंडी गार-ओली राहत नाही. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायची सवय या दिवसांत तिच्या मुळांवर येते. पूजेला पळीभर पुरतं. मंजिऱ्या मात्र खुडत राहा. अडेनियमची पानं गळली की लोक घाबरून जास्त पाणी देतात. पानगळ हा त्याचा आरामाचा काळ आहे. बुंधा दाबून बघा, कडक असेल तर काही बिघडलेलं नाही. मऊ लागला तर आत सडायला लागलंय.

अंगणात संत्र्याचं झाड असेल आणि आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, हवा असेल, तर डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यावा लागतो. रोज पाणी मिळालं की झाड हिरवंगार दिसतं आणि फुलं मात्र मोजकीच येतात.

दुसरी चूक झाकण्याची. आकाश निरभ्र असलं की उघड्यावरची पानं रात्री हवेपेक्षाही जास्त गार होतात. म्हणून गच्चीच्या मधोमध ठेवलेले क्रोटन, डिफेनबॅकिया आधी काळवंडतात. शहराबाहेरच्या मोकळ्या लेआउटमध्ये तर जास्तच. कुंड्या भिंतीलगत, सज्जाखाली सरकवल्या तरी बरंच काम होतं. पपईची रोपं हलवता येत नाहीत, त्यांच्याभोवती काड्या रोवून बारदाना किंवा जुनं सुती लुगडं टाका, पण पानांना चिकटू देऊ नका. प्लास्टिक नकोच. सकाळी काढायचं राहिलं तर दुपारच्या उन्हात आतलं रोप उकडतं. बुडाशी तणस किंवा कुटार पसरा, पण खोडापासून वीतभर दूर. आपल्याकडे वाळवी लागायला वेळ लागत नाही.

युरिया थंडीत टाळाच. कोवळी फूट येते आणि तीच पहिली करपते. जास्वंद, मेंदी, डुरांटाची जोरदार छाटणी आणि कुंडी बदलणंही याच कारणानं पुढं ढकला. गुलाबाची गोष्ट वेगळी, त्याची छाटणी ऑक्टोबरातच उरकलेली असते. शेवंतीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) किंवा गुलाबावर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तर ती थंडीची करपण नव्हे, तिथे उपाय वेगळा.

आणि काळी पडलेली पानं-फांद्या लगेच कापू नका. त्यांच्या आडोशानं आतले डोळे, म्हणजे नवी फूट येणारे कोंब, वाचतात. फेब्रुवारीच्या शेवटी नखानं साल थोडी खरवडा. आत हिरवं दिसलं तर तिथून खाली हात लावू नका, तपकिरी आणि कोरडं असेल तेवढंच काढा.