दातांच्या भुलीवर थिसिस करताय? या चुका टाळा

दर वर्षी पीजीची नवी मुलं सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, घेऊन येतात आणि निम्म्यांचा विषय एकच असतो: लिग्नोकेन विरुद्ध आर्टिकेन, भुलीची दोन औषधं. विषयाबद्दल माझी तक्रार नाही. लिग्नोकेन १९४८ पासून बाजारात आहे, आर्टिकेन जर्मनीत १९७६ पासून वापरात आहे, आणि तरीही ठणकणाऱ्या खालच्या दाढेत ब्लॉक (जबड्याची नस बधिर करणारं इंजेक्शन) दगा देतोच. तेव्हा शोधायला भरपूर बाकी आहे. माझी तक्रार घाईबद्दल आहे. या मुलांचा सगळा जीव पी व्हॅल्यूत, म्हणजे दिसलेला फरक योगायोगाचा असेल का हे जोखणाऱ्या आकड्यात, अडकलेला असतो. आकडे जिथे जन्मतात त्या खुर्चीपाशी मात्र कुणी नीट उभं राहत नाही.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे वेदना मोजण्याची पट्टी. दहा सेंटिमीटरची आडवी रेघ, डाव्या टोकाला 'अजिबात दुखत नाही', उजव्या टोकाला 'याहून जास्त दुखूच शकत नाही'. दिसायला इतकी सोपी की ती समजावून सांगायची असते हेच कुणाला पटत नाही. काही वर्षांपूर्वी ससून डॉकला मासळी विकणाऱ्या एक मावशी अक्कलदाढ काढायला आल्या होत्या. काम सुरू असताना हूं नाही की चूं नाही. नंतर रेसिडेंट मुलीनं पट्टी पुढे धरली, मावशींनी उजव्या टोकाला ठसठशीत फुली मारली, आणि मुलीनं मुकाट्यानं फॉर्मवर १० लिहिले. मी तिथेच होतो म्हणून विचारलं, "मावशी, एवढं दुखलं?" कापसाच्या बोळ्याआडून त्या म्हणाल्या, "नाय ओ डॉक्टर, कळलंसुद्धा नाय. पोरीला धापैकी धा दिले."

तोवर चाळीसच्या वर फॉर्म भरून झाले होते. त्यातले किती जण कळवळले होते आणि किती जणांनी पोरीला मार्क दिले होते, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सगळे फॉर्म बाद करून तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून माझ्या हाताखाली एक सवय पाळावीच लागते. सुई हातात घेण्याआधी पेशंटला एखादं जुनं दुखणं आठवायला लावायचं, दारात बोट चेपलेलं, पाय मुरगळलेला, आणि त्याची फुली मारून घ्यायची. फुली भलतीकडे पडली तर पुन्हा समजवायचं. मला स्वतःला १७० मिलिमीटरची हेफ्ट-पार्कर पट्टी बरी वाटते, कारण तिच्यावर मधेमधे शब्द असतात. पण ते शब्द मराठी-हिंदीत करून आधी ओपीडीच्या रांगेतल्या आठ-दहा जणांना वाचायला द्या. आणि ज्यानं इंजेक्शन दिलं त्यानंच "दुखत नाही ना काका?" असं विचारू नये. काका भिडस्त असतात, मान डोलावतात.

दुसरी चूक ब्लाइंडिंगची, म्हणजे कुणाला कुठलं औषध दिलं हे लपवण्याची. सिनॉप्सिसमध्ये ऐटीत 'डबल ब्लाइंड' लिहिलेलं असतं, पेशंटलाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. प्रत्यक्षात लिग्नोकेन येतं ३० मिलीच्या व्हायलमधून साध्या डिस्पोजेबल सिरिंजमध्ये, आणि आर्टिकेन साधारण पावणेदोन मिलीच्या काचेच्या कार्ट्रिजमधून चकचकीत धातूच्या सिरिंजमध्ये. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी एकदा मला स्पष्टच सांगितलं, "डॉक्टर, त्यांना दिलं ते महागातलं मलापण द्या." घ्या, झालं ब्लाइंडिंग! अभ्यासाशी संबंध नसलेल्या एकानं दोन्ही औषधं सारख्या सिरिंजमध्ये, सारख्या सुईनं भरून नंबर टाकून द्यावीत, एवढंच करायचं असतं. त्यासाठी सकाळी अर्धा तास लवकर यावं लागतं. हार्बर लाइनला दोष देऊ नका, मीही त्याच लाइननं येतो.

याच जोडीनं आणखी एक. दोन्हीकडे १.७ मिली दिलं म्हणजे डोस सारखा झाला असं नाही. ४ टक्के आर्टिकेनचे ते ६८ मिलिग्रॅम होतात, २ टक्के लिग्नोकेनचे ३४. शिवाय भूल जास्त टिकावी म्हणून मिसळलेलं ॲड्रेनालिन एकात एकास एक लाख, दुसऱ्यात एकास ऐंशी हजार. मग तुम्ही औषधांची तुलना करताय की डोसची? करा काहीही, पण काय करताय ते लिहा.

ओठ बधिर झाला म्हणजे दाताची नस बधिर झाली, हे मानणारे अजूनही भेटतात. दाताला हलका विजेचा प्रवाह देऊन नस जागी आहे का बघणारा पल्प टेस्टर कपाटात धूळ खात असतो. त्याचा आकडा ८० पर्यंत जाऊनही पेशंटला काही जाणवलं नाही, आणि हे लागोपाठ दोनदा झालं, तर मी मानतो. भूल चढायला लागलेली मिनिटं घड्याळात मोजायची, अंदाजानं नाही. औषध सोडायचा वेगही मिनिटाला एक मिलीच्या आसपास ठेवा. पाच सेकंदांत पिचकारी मारून 'इंजेक्शनच्या वेदना' मोजणाऱ्यांना मी हात जोडतो. आत सोडण्याआधी मागे ओढून रक्त येतं का बघा, आणि आलं तर तेही फॉर्मवर नोंदवा.

इंजेक्शन कमी झोंबावं म्हणून सोडा बायकार्ब मिसळत असाल, तर दिवसभराच्या सिरिंज सकाळीच भरून ठेवू नका. मिश्रण आयत्या वेळीच करायचं, ॲड्रेनालिन टिकत नाही.

पी ०.०८ आला, म्हणजे ०.०५ च्या नेहमीच्या रेषेखाली गेला नाही, म्हणून दोन्ही औषधं सारखी ठरली असं होत नाही.

सीटीआरआयची (पेशंटवरच्या अभ्यासांची देशातली सरकारी नोंदवही) नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही, कितीही गयावया केली तरी.

आणि स्प्लिट-माउथ. एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या अक्कलदाढा, दोन औषधं, सॅम्पल लहान, सगळ्यांना मोह होतो. पण एक दाढ उभी आणि दुसरी आडवी रुतलेली असेल तर तुलना कसली? दोन्ही एक्स-रे शेजारी ठेवून अवघडपणा जुळतोय का बघा. पहिल्या बाजूला झालेला त्रास माणूस दुसऱ्या खेपेला सोबत घेऊनच खुर्चीत बसतो, म्हणून कुठली बाजू आधी याचीही चिठ्ठी टाका. तारखा देताना कॅलेंडर बघा. आमच्या एकानं जुलै-ऑगस्टमध्ये भराभर पहिल्या बाजू उरकल्या आणि दुसऱ्या ऐन गणपतीत ठेवल्या. परळ-लालबागचे पेशंट, सगळे कोकणात. त्यातले एक काका थेट दिवाळीनंतर उगवले, हसतमुख, पेढे घेऊन. दुसरी दाढ त्यांनी कणकवलीला काढून घेतली होती.