डांबरी रस्त्याची दुरुस्ती कशी ठरवावी

इंदूरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून येथील डांबरी रस्ता दुरुस्त करण्यापूर्वी भेगांचे स्वरूप नीट पाहावे. चाकांच्या पट्ट्यात मगरीच्या कातडीसारखे भेगांचे जाळे दिसल्यास दोष बहुधा खालच्या थरांत असतो, आणि त्यावर नुसता नवा थर चढवणे म्हणजे जनतेचा पैसा वाया घालवणे होय. तेवढा भाग उभ्या कडा ठेवून चौकोनी कापावा, भिजलेला भराव काढून कोरडी खडी दाबून बसवावी, तळाला व कडांना डांबराचा पातळ लेप द्यावा आणि डांबर-खडीचे मिश्रण थराथराने दाबावे. सुट्या भेगा पावसाळ्यापूर्वी साफ करून डांबराने बुजवाव्यात. मात्र कडेची गटारे सर्वांत आधी मोकळी करावीत. आमच्या गल्लीत पाणी जिथे तुंबत असे, तिथेच दरवर्षी खड्डा पडे.